'की'नंतरचा 'मी'

मी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते आणि गेली सहा वर्षं मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरंही करते. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कोर्टाच्या फाटकासमोर आमचा गाळा, खाली झेरॉक्स आणि वर आम्ही. 1998 साली शासनानं खालच्या कोर्टांची भाषा मराठी केली, त्यामुळे इथे दावा मराठीत, कैफियत मराठीत, साक्षीपुरावा मराठीत. पण तेच प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेलं की राज्यघटनेचं अनुच्छेद 348 लागतं आणि तिथलं कामकाज इंग्रजीत. म्हणजे इथला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून जे सांगतो, ते तिथे माझ्या इंग्रजीतून पोचतं. 18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. मुंबईला जायचं म्हटलं की अंग काढून घेणारे पक्षकार आता 'कोल्हापूर तर हाकेवर आहे, करून टाकू अपील' म्हणायला लागले आणि माझ्या टेबलावरचा गठ्ठा वाढला.

त्याच गठ्ठ्यात ती साक्ष होती. हातउसन्या पैशांचं प्रकरण. आमच्या पक्षकाराच्या सरतपासात, म्हणजे त्याच्याच वकिलानं घेतलेल्या जबाबात, एक वाक्य होतं: 'प्रतिवादी मला म्हणाला की, मी तुझे पैसे दिवाळीनंतर देतो.' मी झरझर टाइप केलं, 'द डिफेंडंट टोल्ड मी दॅट आय विल गिव्ह युअर मनी आफ्टर दिवाळी.'

वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. थांबले.

"ताई, हे जरा मोठ्यानं वाचा बघू."

मी वाचलं. मला काही दिसलं नाही.

"पैसे कोण देणार आहे यात?"

"प्रतिवादी."

"इंग्रजीत बघा. 'आय विल गिव्ह' म्हणतोय साक्षीदार. हा 'आय' कोण? जो साक्ष देतोय तो. म्हणजे आपल्याच माणसानं कोर्टात कबूल केलं की पैसे मी देणार. झालं, समोरच्या वकिलाला कामच उरलं नाही."

आवाज चढला नव्हता, उलट हसतच म्हणाले. पण मला घाम फुटला. सहा वर्षांत अशी किती वाक्यं गेली असतील माझ्या हातून? कोणी वाचलं नसेल म्हणून निभावलं असेल. त्यांनी पेन्सिलीनं सुधारून दिलं: 'दॅट ही वुड रिपे माय मनी आफ्टर दिवाळी.' मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "नाऊन क्लॉज आहे तो. दॅटच्या आतलं सगळं बाहेरच्याच्या तोंडून बोलायचं." आणि कोर्टाचा पुकारा झाला म्हणून काळा कोट घालून निघून गेले.

आमच्या ऑफिसात क्लॉज म्हणजे कराराचं कलम आणि डिपेंडंट म्हणजे विम्याच्या फॉर्मवर लिहायची बायकापोरं. व्याकरणातला डिपेंडंट क्लॉज, म्हणजे गौण वाक्य, मी नववीत शेवटचा पाहिला होता; साहेबांचा नाऊन क्लॉज हा त्याचाच एक प्रकार. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून सुरू झालं ते 2000 साली, तोवर मी त्या घाण्यातून बाहेर पडले होते. बाईंनी फळ्यावर तीन प्रकार लिहून दिले होते, नाऊन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, आणि आम्ही ते पसायदानासारखे म्हणायचो. मराठीच्या तासाला हेच नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य म्हणून यायचं, मिश्र वाक्याच्या धड्यात. हे दोन्ही एकच आहे असं मला दोन्ही बाईंपैकी कोणी सांगितलं नाही आणि माझ्याही ते ध्यानात आलं नाही.

घरी भाची असते, बारावीला. कॉलेज इथलं बरं म्हणून बहिणीनं माझ्याकडे ठेवलीय. तिचं गाइड मागून घेतलं. त्यात व्याख्या होती: जे गौण वाक्य नामाचं काम करतं ते नामवाक्य. आता यानं काय उजेड पडणार? पाणी म्हणजे काय, तर जल. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, सोप्पंय. दॅट असलं की नाऊन, हू-व्हिच असलं की ॲडजेक्टिव्ह, व्हेन-व्हेअर-इफ असलं की ॲडव्हर्ब." तिच्या वहीत तसा तक्ताच होता, तीन रंगांच्या पेनांनी काढलेला. मला पटलं. आठवडाभर मीही तोच तक्ता धरून बसले.

त्यातली 'डिपेंडंट'ची बाजू लवकर कळली. कोणी दारात येऊन नुसतं 'रस्ता बंद होता म्हणून' इतकंच बोलून गप्प राहिला, तर आपण तोंडाकडे बघत राहू. तसं अर्धवट लटकलेलं वाक्य म्हणजे डिपेंडंट. ते मला कळलं ते आमच्याच प्रतिज्ञापत्रांवरून. वर एकदा लिहिलेलं असतं, 'मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की', आणि खाली एकापासून बारापर्यंत परिच्छेद. इंग्रजीत काही वकील प्रत्येक परिच्छेद 'दॅट द प्लेंटिफ' असा सुरू करतात. मला वाटायचं ही कोर्टाची स्टाइल, नुसता रुबाब. खरं तर खालचा एकही परिच्छेद स्वतःच्या पायावर उभा नसतो. 'कथन करतो' या एका खुंटीला बारा सदरे टांगलेले. खुंटी काढली तर सगळे खाली. आणि काय कथन करतो? तर 'हे'. बाराच्या बारा मिळून एक 'हे'. म्हणजे तेवढं सगळं नामाच्या जागी बसलंय. गाइडमधली ती जलाची व्याख्या मला तिथे थोडी ओली लागली.

मग तक्त्याचा भरवसा गेला. जमिनीच्या एका प्रकरणात एकाच साक्षीदाराच्या जबाबात तीन वाक्यं होती. त्यांची इंग्रजी केली तेव्हा अशी झाली:

'आय डू नॉट नो व्हेन द सेल डीड वॉज एक्झिक्यूटेड.'

'व्हेन द सेल डीड वॉज एक्झिक्यूटेड, आय वॉज इन पुणे.'

'आय रिमेंबर द डे व्हेन द सेल डीड वॉज एक्झिक्यूटेड.'

तिन्हींत तेच सहा शब्द. व्हेनपासून एक्झिक्यूटेडपर्यंत काना-मात्रेचा फरक नाही. भाचीच्या तक्त्याप्रमाणे तिन्ही ॲडव्हर्ब व्हायला पाहिजेत. मी गाइडच्या मागची उत्तरं चाळली, तशाच धाटणीच्या वाक्यांना तीन वेगळी उत्तरं दिलेली. पहिल्यासारख्याला नाऊन, दुसऱ्याला ॲडव्हर्ब, तिसऱ्याला ॲडजेक्टिव्ह. भाची म्हणाली छपाईची चूक असेल.

मी मूळ मराठी जबाब पुन्हा काढला. साक्षीदार काय म्हणाला होता? 'खरेदीखत केव्हा झालं ते मला माहीत नाही.' 'खरेदीखत झालं तेव्हा मी पुण्यात होतो.' 'ज्या दिवशी खरेदीखत झालं तो दिवस मला आठवतो.' मी ते तीनदा वाचलं असेल. पहिल्यात 'केव्हा'. दुसऱ्यात 'तेव्हा', म्हणजे त्याच्या आधी न बोललेला 'जेव्हा'. आपण बोलताना तो गाळतो, पण घालून बघितला तर बसतो. तिथे 'केव्हा' घालून बघा, बसणार नाही. तिसऱ्यात 'ज्या'. इंग्रजीनं जे एका व्हेनमध्ये कोंबलंय ते मराठीनं आधीच क आणि ज अशा दोन डब्यांत वेगळं ठेवलंय!

रात्रीचे साडेदहा झाले होते, भाचीला उठवलं. आम्ही दोघी सतरंजीवर बसून सगळे शब्द त्या दोन डब्यांत टाकत गेलो. व्हेअर: 'तो कुठे राहतो ते मला माहीत आहे' यात कुठे, क, नामवाक्य. 'तो जिथे राहतो तिथे पाणी नाही' यात जिथे, ज, नाम नव्हे. हू: 'कोणी सही केली ते सांगा' क, 'ज्यानं सही केली तो माणूस' ज. इफ: 'त्यानं सही केली का ते विचारा', इथे इफचं 'का' होतं, म्हणून नामवाक्य, आणि इथे इफच्या जागी व्हेदरही चालतं. 'जर सही केली असेल तर तो बांधील आहे', इथे जर, म्हणून ॲडव्हर्ब, आणि व्हेदर घातलं तर वाक्य मोडतं. दॅटला मराठीत 'की' किंवा 'हा-ही-हे' आलं तर नाम, 'जो-जी-जे' आलं तर विशेषण.

या शेवटच्याला कोर्टात फार महत्त्व आहे. 'द ॲलिगेशन दॅट द डिफेंडंट मेड' आणि 'द ॲलिगेशन दॅट द डिफेंडंट टुक द मनी'. पहिल्याचं मराठी, प्रतिवादीनं जो आरोप केला तो. दुसऱ्याचं, प्रतिवादीनं पैसे घेतले हा आरोप. पहिल्यात प्रतिवादी आरोप करणारा, दुसऱ्यात त्याच्यावरच आरोप. पहिल्यात दॅट काढून व्हिच घालता येतं, दुसऱ्यात नाही. ही जोडी मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलीय, अजून आहे.

डब्यांवर खूश होऊन मी झोपले. सकाळी भाचीनं कॉलेजला जाता जाता दप्तर खांद्यावर टाकून एक वाक्य फेकलं: 'व्हॉट द विटनेस सेज इज फॉल्स.'

"मावशी, मराठी कर."

"साक्षीदार जे सांगतो ते खोटं आहे."

"जे. ज आला. म्हणजे नाम नाही. पण गाइडमध्ये नाऊन क्लॉज दिलंय." आणि गेली.

दिवसभर ते वाक्य डोक्यात. दुपारी डबा खाताना उकललं असं वाटलं, संध्याकाळी पुन्हा गुंता. मग लक्षात आलं की विशेषणवाक्याला कुणाचं तरी विशेषण व्हायला एक नाम लागतं, त्याच्या आधी उभं असलेलं. 'द मॅन हू', 'द डे व्हेन', 'द ॲलिगेशन दॅट द डिफेंडंट मेड'. व्हॉटच्या आधी कोणी नाही. मराठीतले 'जे' आणि 'ते' दोन्ही त्या एका व्हॉटनं गिळलेत, आणि नामाची जागा सगळ्या वाक्यानं मिळून घेतलीय. तेव्हा ज आला तरी लगेच निकाल द्यायचा नाही, आधी मागे नाम आहे का पाहायचं. नाही दिसलं तर संपूर्ण तुकड्याच्या जागी 'धिस' ठेवून बघायचं. 'धिस इज फॉल्स', बसलं. 'आय डू नॉट नो धिस', बसलं. 'धिस, आय वॉज इन पुणे', नाही बसत. हा धिसचा काटा क-ज पेक्षा पक्का आहे, हे मान्य करते. पण मला वाट दाखवली ती क-ज नं, आणि घाईत मी अजून तीच वापरते.

याच डब्यांनी भाचीचं एक जुनं भांडण मिटलं. तिच्या मनात पक्कं बसलं होतं की व्हेननंतर विल येत नाही. म्हणून चाचणीत तिनं 'आय डोंट नो व्हेन ही विल कम' हे बरोबर वाक्य चूक ठरवून विल खोडलं आणि गुण घालवले. जेव्हा असेल तर विल नको: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' केव्हा असेल तर खुशाल येऊ दे. नियम अर्धाच तिच्या हाती पडला होता.

माझी स्वतःची खोड वेगळी निघाली. मी वर्षानुवर्षं पत्रांच्या शेवटी लिहीत आले, 'काइंडली लेट अस नो व्हेन इज द नेक्स्ट डेट.' शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा. बरोबर हवं ते 'व्हेन द नेक्स्ट डेट इज', साधा क्रम आणि पूर्णविराम, कारण प्रश्न आता प्रश्न राहिलेला नाही, 'कळवा'चं कर्म झालाय. ही चूक मराठीमुळे होते असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. मराठीत प्रश्न करताना आपण शब्द फिरवतच नाही. 'पुढची तारीख केव्हा आहे?' आणि 'पुढची तारीख केव्हा आहे ते कळवा', आतला क्रम तोच. मराठी माणूस मराठीच्या वळणानं गेला असता तर व्हेन द नेक्स्ट डेट इज असंच लिहिता झाला असता. आम्हाला शाळेत 'व्हेन इज, व्हेअर इज, व्हॉट इज' इतकं घोटून घेतलं की ती जोडी कायमची चिकटली. अडलं ते शिकवलेल्या इंग्रजीनं, मराठी बिचारी उगाच बदनाम.

मराठीनं दगा दिला तो दुसरीकडे. उलटतपासाची भाषा ज्यांनी वाचलीय त्यांना माहीत असेल. समोरचे वकील सुचवतात, साक्षीदार नाकारतो आणि कागदावर येतं: 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' पानंच्या पानं 'हे म्हणणे खरे नाही की', मध्येच एखादं 'हे खरे आहे की', आणि तेच नेमकं धोक्याचं. मी 'हे'चं सरळ 'धिस' करायची: 'धिस इज नॉट ट्रू दॅट.' इंग्रजीत तिथे 'इट' लागतं. खरा कर्ता म्हणजे दॅटपासूनचं सगळं नामवाक्य, ते लांबलचक म्हणून शेवटी ढकललेलं, आणि इट नुसतं त्याची जागा धरून बसलेलं. एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखं.

आणि त्यात दोन नकार आले की खरी कसोटी. 'हे म्हणणे खरे नाही की, जमीन माझ्या ताब्यात नाही.' एक 'नाही' बाहेरचा, एक आतला. टाइप करताना डोळा चुकून एक गळाला की ताबा गेला. मी आता अशा ओळींत बाहेरचा नकार लाल पेनानं आणि आतला निळ्यानं गोल करते, मगच कीबोर्डला हात लावते.

राहिला तो पहिला घोटाळा, 'की'नंतरचा 'मी'. त्यावर सगळ्यात जास्त दिवस गेले. मराठीतला 'की' बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे आणून ठेवतो. माझी आजी तर 'की'सुद्धा वापरायची नाही. 'उद्या येतो म्हणाला', 'देत नाही जा म्हणाली', संपलं. आतला काळ त्याचा, आतला 'मी' त्याचा. इंग्रजी दॅट तसं करू देत नाही. अवतरणचिन्हं नसतील तर आतला 'मी', 'तू', 'उद्या', 'इथे' सगळे सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायचे, आणि सांगणारा भूतकाळात 'म्हणाला' म्हणत असेल तर आतलं क्रियापदही बहुतेक वेळा एक पायरी मागे. देतो म्हणाला, वुड. दिलेत म्हणाला, हॅड. मी चाळीस-पन्नास वाक्यं काढून सराव केला. जुन्या निकाली फायलींतून 'म्हणाला की' शोधायचं, आतल्या 'मी'ला वर्तुळ करायचं, ही-शी लावायचं, काळ मागे न्यायचा. महिन्याभरात हात बसला. 'म्हणाला की मी' दिसलं रे दिसलं की बोटं आपोआप 'दॅट ही'कडे जायची.

आणि मग मागच्या पंधरवड्यात एका साठेखताच्या प्रकरणात हे आलं: 'प्रतिवादी गावात सर्वांना सांगत होता की, मी कोऱ्या कागदावर सही केली.'

बोटांनी 'दॅट ही हॅड साइन्ड अ ब्लँक पेपर' टाइप करूनही टाकलं होतं. मग थांबले. हा 'मी' कोण? प्रतिवादी स्वतःबद्दल सांगत होता, की साक्षीदाराबद्दल? मराठीत दोन्ही बसतं. पिंजऱ्यातल्या माणसानं म्हटलं तेव्हा त्याच्या हातवाऱ्यांवरून कोर्टात सगळ्यांना कळलंही असेल, पण कागदावर हातवारे उतरत नाहीत. मराठीत तसंच सोडून देता आलं असतं. इंग्रजीत ही किंवा आय, एक काहीतरी ठरवावंच लागतं, आणि ठरवणारी मी कोण?

वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मनानं काही घालू नका. पुढे वाचा, कुठेतरी सापडेल."

चौदाव्या परिच्छेदात सापडलं. उलटतपासात साक्षीदार म्हणाला होता, 'हे म्हणणे खरे नाही की, सही करताना मी कागद कोरा असल्याचे पाहिले नव्हते.' म्हणजे सही साक्षीदाराची. दोन नकारांना लाल-निळी वर्तुळं केली, वर जाऊन 'ही' खोडलं आणि 'आय' केलं.